सांडलेल्याची वही

मला सावरलं ते आमच्या स्टोअरकीपर मामांनी. काय घडलं ते पुढे सांगतोच, पण हे वाक्य आधी लिहून ठेवतो. जिथं बोलायला हवं होतं तिथं माझं तोंड उघडलं नव्हतं.

मामा पेडण्याचे. रोज म्हापशाला बस बदलून डिचोलीला यायचे. बगलेत प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली एक लांबट वही, आणि वहीला सुतळीनं बांधलेलं पेन. कारखान्यात काहीही सांडलं की वाळू टाकून ते अडवायचं, एवढं लगेच. पण कुणी पुसायला फडकं उचललं की मामांचा हात वर जायचा.

"आदी बरय, मागीर पूस."

आधी लिही, मग पूस. पुसलं की माणूस विसरतो, म्हणायचे, आणि उद्या तिथंच परत सांडतो. काय सांडलं, किती, कुठं, कशामुळे, सगळं लिहायचं. एकदा त्यांचा स्वतःचा डबा लवंडला, माशाची आमटी सांडली. आम्ही बघतोय तोवर त्यांनी वही काढलीसुद्धा: "बांगड्याचे हुमण, एक वाटी, स्टोअरची लादी. कारण: स्वतःचे कोपर. भाताने टिपले." खाली सही. आम्ही पोट धरून हसलो. मामा हसले नाहीत. डब्यातल्या उरल्या भाताकडे तेवढं बघत राहिले.

कारखाना आमचा लहान. लोखंडाला जस्त चढवायचं काम. त्याआधी लोखंड ॲसिडात धुतात, म्हणून ॲसिडची निळी पिंपं. ती बांध घातलेल्या ओट्यावरच ठेवायची, म्हणजे एखादं फुटलं तरी ॲसिड बांधाच्या आत राहतं. पिंपं किती, कुठं, हे सगळं परवान्यात लिहिलेलं. तो परवाना काचेत बसवून भिंतीवर लावलेला होता. मामा सकाळी गणपतीच्या तसबिरीच्या आधी त्याची काच पुसायचे. गणपती रागावत नाही, तपासणीला येणारा साहेब रागावतो, असं त्यांचं म्हणणं.

मी हिंगोलीकडचा. नववीत शाळा सुटली. बायको आणि मुलगी गावी, मी इथं. मामांनी मला स्टोअरात घेतलं आणि वही पुढ्यात सरकवली.

"मामा, माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय हो."

"कोंबयेक कोण नापास करता रे? बरय."

असं करत करत मी लिहायला शिकलो. चुकलं तर खाडाखोड करायची नाही, हा त्यांचा दुसरा नियम. चुकलेल्या ओळीवर एकच सरळ रेघ मारायची. खालचं वाचता आलं पाहिजे. वर खरं लिहायचं आणि शेजारी सही करायची. "चूक लिपवची न्हय," म्हणायचे. लपवायची नाही.

खंडेनवमीचा दिवस होता. आमच्या गावाकडे त्या दिवशी विळ्या-कोयत्यापासून सगळी अवजारं बाहेर काढून, धुऊन, मांडून मगच पूजा होते. जागच्या जागी फूल वाहिलेलं चालत नाही. शिवाय आठवड्यानं परवान्याच्या नूतनीकरणासाठी सरकारी साहेब यायचे होते. मामा आंब्याचे डहाळे आणायला निघाले तेव्हा मला बजावून गेले, "पिंपांक हात लावूं नाका. झेंडू दाराक बांद."

मी स्टोअर झाडलं, तराजू धुतला, हातगाडी धुतली. फक्त तो ओटा तेवढा मळका राहिला. पिंपांवर बोटभर धूळ. मला वाटलं, मामा येईपर्यंत सगळं लख्ख करून ठेवू, खूश होतील. म्हणून पिंपं बाहेर काढायला घेतली. पहिलं नीट उतरलं. दुसरं बांधाच्या कडेवरून घसरलं आणि खाली पडलेल्या सळईच्या टोकावर बसून फुटलं.

मोठा आवाजही झाला नाही. नुसता पांढरा धूर निघाला आणि घशात सुया टोचल्यासारखं झालं. मी घाबरलो. हाताशी पाण्याचा पाइप होता, तोच सोडला. कोपऱ्यात वाळूच्या बादल्या होत्या, चुन्याची पोती होती, मामांनी दहादा दाखवलेली. एकही आठवलं नाही. पाणी गटारात गेलं. गटार कुंपणाखालून व्हाळात, म्हणजे मागच्या ओढ्यात जातं.

मामा आले. हातातले डहाळे तिथंच पडले. त्यांनी नळ बंद केला, आम्ही तोंडाला ओली फडकी बांधून वाळू टाकली, चुना टाकला. मग ते व्हाळाकडे धावले, मी मागोमाग. साठी उलटलेला माणूस, एक चप्पल वाटेतच राहिली.

व्हाळावर एक बाई दोन म्हशी पाण्यात घालत होती. तिनं नुकतंच तांबड्या भाजीच्या वाफ्याला त्याच पाण्यातून शिंपलं होतं. मामांनी लांबूनच हाका मारल्या, काय झालं ते सांगितलं. बाई भडकली, आगीचा शाप दिला. "तुमच्या कारखान्याक उजो लागूं!"

"लागूं गे बाय," मामा हात जोडून म्हणाले. "पूण आदी म्हशी वयर काड."

म्हशी वर निघाल्या. थोड्या वेळानं पाण्यावर बोटाएवढे मासे उलटे तरंगत आले. मामा ते बघत उभे राहिले. मीही.

परतलो तर पात्रांव, म्हणजे आमचे मालक, झेंडूची पिशवी घेऊन दारात. वाईट माणूस नव्हे, पण त्यांचा चेहरा उतरला होता.

"मामा, धुऊन टाका आणि पूजा करून घ्या. आठ दिवसांवर नूतनीकरण आलंय. साहेबांना कळवलंत तर कुलूप लागेल. ह्या पोरांनी खायचं काय?"

"पात्रांव, व्हाळाचें पाणी खाल्लो वाडो वापरता." खालची सगळी वस्ती त्याच पाण्यावर.

"मला कळत नाही का?"

"कळता. म्हणून फोन करतां." आणि त्यांनी केला.

दुपारी साहेब आले. सगळं पाहून त्यांनी एकच विचारलं, "पिंप ओट्यावरून खाली कुणी काढलं?"

माझ्या डोळ्यांसमोर मुलीची फी, खोलीचं भाडं, गावाची वाट असं सगळं एकदम आलं. ओठ हलले, आवाज आला नाही. मामांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग वही उघडून लिहू लागले. वेळ, पिंप, किती सांडलं, कुठं गेलं, कुणाला कळवलं. शेवटची ओळ लिहून वही माझ्याकडे फिरवली. "वाच. साक्षीदार म्हणून सय कर."

"पिंपे धुण्यासाठी बाहेर काढावीत असे मी सांगितले होते. चूक माझी."

त्या वहीत सांडलेलं हुमणसुद्धा खरं लिहिलेलं होतं. मी वर पाहिलं. मामा हळूच म्हणाले, "तुजें घर पयस आसा, पुता."

माझं घर लांब आहे, एवढंच त्यांनी पाहिलं. मी सही केली.

कारखाना काही आठवडे बंद राहिला, मग उघडला. नवा परवाना आला. मामांना परत बोलावलं नाही. "वय झालं त्यांचं," पात्रांव म्हणाले, आणि चाव्या माझ्या हातात दिल्या. आता स्टोअर मी बघतो. सकाळी काच मी पुसतो. कुणी फडकं उचललं की माझा हात वर जातो. नवी पोरं मला हसतात.

एका शुक्रवारी म्हापशाहून पेडण्याच्या बसमध्ये बसलो होतो. अर्ध्या वाटेत, कोलवाळच्या पुलाअलीकडे उतरलो आणि माघारी आलो. दारात उभं राहून काय सांगणार होतो? तुमच्या खुर्चीत बसतो म्हणून?

ती वही स्टोअरच्या लोखंडी कपाटात आहे. किल्ली माझ्याकडेच असते. अजून कपाट उघडून ते पान काढलेलं नाही, हे कबूल करतो. पण मामा, साहेब पुन्हा येतील तेव्हा त्यांच्यासमोर मी ते पान काढीन. तुमच्या शेवटच्या ओळीवर एकच सरळ रेघ मारीन, खालचं वाचता येईल अशी. वर लिहीन, पिंप मी काढले, मामांनी नको म्हटले होते. शेजारी माझी सही, पूर्ण नावाची.

मग येईन पेडण्याला.