शालूबाईंच्या अंगणातल्या गवळणी

डोंगरकडा गावच्या अंगणवाडीत शालूबाई अकरा वर्षांपासून मदतनीस आहेत. खिचडी शिजवायची, लेकरांचे हात धुवायचे, कुणाला पेंग आली की सतरंजीवर निजवायचं. शिकवण्याचं काम पुनमताईंचं.

यंदा दिवाळीची सुट्टी लागली आणि गावातल्या बाया कापूस वेचायला जाऊ लागल्या. लेकरं दिवसभर रस्त्यावर. वसुबारसेला शालूबाईंनी सात-आठ जणांना आपल्या अंगणात गोळा केलं आणि शेणाच्या गवळणी करायला बसवलं. त्यांच्या माहेरी दिवाळीत अशा गवळणी मांडत. कुणी दळणारी केली, कुणी ताक घुसळणारी. एकीच्या डोक्यावरचा हंडा तिच्याहून मोठा झाला, ती सारखी आडवी पडायची.

लेकरांनी गवळणी मोजल्या. मग शालूबाईंनी कागदावर आकडे लिहून, काड्यांना चिकटवून, एकेकीपुढे निशाण रोवलं.

शेजारच्या शाहिस्ताची गुलनाज पाच वर्षांची. ती निशाणांपाशी उकिडवी बसली. "शालूमाय, हा सहा न्हाई. हा तर तीन हाय. तीन दोनदा झाला."

"गप बस. लई शहाणी झाली," शालूबाई खेकसल्या.

गुलनाज हात न धुताच घरी गेली. दुसऱ्या दिवशी आलीच नाही.

शालूबाईंची शाळा दुसरीत सुटली होती. तोंडाने शंभरापर्यंत मोजता यायचं, लिहिताना मात्र गोंधळ व्हायचा. अकरा वर्षांत त्यांनी हे कुणाला कळू दिलं नव्हतं. त्या दिवशी त्यांचं अंगणात लक्षच लागेना.

शाहिस्ता शेतातून आल्यावर त्या तिच्या दारी गेल्या. "तुझी पोरगी बराबर बोलली होती. मला आकडे नीट लिहिता येत न्हाईत. मीच उगं खेकसले तिच्यावर."

"मला तर तिनं काहीच सांगितलं न्हाई," शाहिस्ता म्हणाली. "मी म्हणलं, कालपासून काहून रुसून राहिली."

गुलनाज आईच्या मागे उभी होती. शालूबाई खाली बसल्या. "मला शिकवतीस का, बाई?"

पोरीने आतून पाटी आणली. "तिनाचं पोट ह्या हाताला. सहाचं त्या हाताला." शालूबाईंचा हात धरून तिने चार वेळा गिरवून घेतलं.

भाऊबीजेपर्यंत गुलनाज रोज आली. निशाणं पुन्हा लिहिली गेली, आणि ती शालूबाईंनीच लिहिली.

सुट्टी संपल्यावर त्यांनी पुनमताईंना आपणहून सगळं सांगितलं. "मावशी, इतके दिवस बोलला का नाहीत?" ताई एवढंच म्हणाल्या आणि खडू त्यांच्या हातात दिला. हजर लेकरांचा आकडा रोज फळ्यावर मावशींनी लिहायचा असं ठरलं.

पहिल्या दिवशी त्यांनी सतरा लिहिले. तेवढ्यात दोन लेकरं उशिरा आली. शालूबाईंनी पदराने फळा पुसला, एकोणीस लिहिले आणि खिचडी बघायला आत गेल्या.