मशीनच्या तोंडात अक्षता

कॉम्प्युटरचा इतिहास सांगताना जो तो अमेरिकेतल्या गॅरेजपासून सुरुवात करतो. माझा भाचाही परवा तेच ऐकवत होता. ऐकून घेतलं, पण चिडचिड झालीच. अरे, आमच्या वलगावातही एक कॉम्प्युटर जोडला गेला होता, तोही झेंडूच्या ढिगाशेजारी!

तेव्हा अमरावतीत कॉम्प्युटरच्या खोलीत शिरताना चपला बाहेर काढाव्या लागत. मी तिथे शिकले, तिथल्याच सरांनी मुंबईहून सुटे भाग मागवून दिले आणि घरी मी माझं पहिलं मशीन जोडलं. काळा पडदा, हिरवी अक्षरं. हार्ड डिस्क नव्हतीच. फ्लॉपी आत सरकवली तरच ते सुरू व्हायचं. अकोल्याच्या एका बियाणे दुकानदाराला ते दसऱ्याच्या मुहूर्तावर हवं होतं. बाबा फुलशेतीवाले. "हे चाललं तं पाहू. नाही तं उन्हाळ्यात लग्न," एवढं बोलून त्यांनी विषय संपवला होता. नंतर त्या डब्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

खंडेनवमीला सकाळी झेंडू तोडून आले, तर हत्यारांची पूजा मांडून झालेली. विळे, खुरपी, फवारणीचा पंप, आणि त्याच रांगेत माझं मशीन! पडद्याला हळदीकुंकू, वर हार, शेजारी माझा स्क्रू ड्रायव्हरसुद्धा. मला भरूनच आलं. मग फ्लॉपीच्या फटीकडे लक्ष गेलं. आत ओल्या कुंकवाच्या अक्षता.

"बाबा, इथं तांदूळ कोणं टाकले?"

"म्याच. तोंड हाय ना ते त्याचं? जात्याच्या तोंडात नाही टाकत आपण?"

मशीन उघडल्याशिवाय ते दाणे निघणार नव्हते, आणि पूजेतलं हत्यार त्या दिवशी उचलायचं नाही हा आमच्या घरचा नियम. एका वर्षी झाडांवर कीड पडली तरी बाबांनी पंपाला हात लावू दिला नव्हता.

"बिघडलं काय?" माझा चेहरा पाहून त्यांनी विचारलं.

"आताच खोललं नाही तर उद्या सुरू होत नाही ते."

बाबांनी एकदा पूजेकडे पाहिलं. मग वाकले, स्क्रू ड्रायव्हरवरचं फूल बाजूला ठेवलं आणि तो माझ्या हातात दिला.

"खोल. पाप लागलं तं मले लागन."

दुपारभर मी चिमट्याने दाणे काढत होते आणि बाबा आरसा धरून उन्हाची तिरीप आत पाडत होते. हात दुखला असेल, पण हलले नाहीत. संध्याकाळी हिरवी अक्षरं उमटली, तेव्हा मी रडले.

दसरा म्हणजे फुलवाल्याचा वर्षातला सगळ्यात मोठा दिवस. त्या दिवशी आमचं फुलांचं दुकान आईवर टाकून बाबा माझ्यासोबत अकोल्याच्या एसटीत बसले, मॉनिटर मांडीवर घेऊन. बियाण्याच्या दुकानात मशीन व्यवस्थित सुरू झालं. दुकानदाराने खूश होऊन हात जोडले ते थेट बाबांपुढे.

"भाऊ, कमाल केली तुमी. पण उन्हाळ्यात बियाण्याची गर्दी असते. तवा बिघडलं तं तुमी यान ना?"

"मी काहून? मी फुलंवाला माणूस. मशीन पोरीनं बनवलं, पोरीलेच बोलावा." बाबांनी मांडीवरची धूळ झटकली. "उन्हाळ्यात पोरगी कुठीच जाऊन नाही राहिली."

मी मान खाली घालून वायरी नीट करत बसले. त्या केव्हाच लागल्या होत्या.