ड्रेसरकाकांची काटकसर

ड्रेसरकाका कुणाच्याही घरी आले की आधी जनावराशी बोलत, मग माणसांशी. दार उघडून तुम्ही "या काका" म्हटलंत तरी त्यांची नजर तुमच्या पायांपाशी काहीतरी शोधत असे. "कुठंय पेशंट?" असं विचारून ते सरळ फरशीवर बसकण मारत, कुत्र्याचा वरचा ओठ अंगठ्याने अलगद उचलत आणि हिरडी बघत. ती गुलाबी दिसली की "हाश!" म्हणत. मग मान वर करून तुम्हाला विचारत, "बोला, केम छो?"

जनावरांच्या सरकारी दवाखान्यात त्यांनी ड्रेसर म्हणून नोकरी केली. जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या, डॉक्टर सांगतील तसं सलाइन लावायचं. निवृत्त झाले, बायको गेली, मुलगी शैला लग्न होऊन अंकलेश्वरला गेली, तरी ते बडोद्यातच राहिले. प्रतापनगरला रेल्वे क्वार्टर्सच्या मागे, दोन खोल्यांत. माझे बाबा रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये होते, त्यामुळे माझं लहानपण त्याच क्वार्टर्समध्ये गेलं. काकांचे आजोबा संस्थानाच्या पागेत होते. "आमच्याकडे आधी घोडा जेवायचा, मग स्वार," असं काका सांगत आणि स्वतःही कुत्र्याला घातल्याशिवाय ताट वाढून घेत नसत.

क्वार्टर्समधल्या माणसांचे पगार बेताचे, आणि कुत्री-मांजरं पाळायची हौस मात्र मोठी. म्हणून सगळे काकांकडे येत. महागडा शाम्पू, चकचकीत पट्टा, हाडाच्या आकाराची बिस्किटं यांतलं काहीही कुणी दाखवलं की ते हसत. "हे तुझ्यासाठी घेतलंस. त्याला विचारलंस का?" आठवड्याला आंघोळ नको, रोज ब्रशने विंचर. बोटांच्या बेचक्यांत आणि कानामागे हात फिरव, गोचीड हाताला लागतो. जुनी चादर चार पदरी शिवली की गादी झाली. जेवण वाटीने मोजून दे, भांडं भरून ठेवू नकोस; लठ्ठ कुत्रं म्हणजे डॉक्टरच्या घरचं कायमचं गिऱ्हाईक. भात आणि उकडलेलं अंडं चालेल, पण कांद्याची फोडणी आणि मनुका चुकूनही नको. जंताचं औषध वजनावर असतं म्हणून ते पिल्लाला पिशवीत घालून पस्तीवाल्याकडे नेत आणि रद्दीच्या काट्यावर तोलून आणत. पस्तीवाला विचारी, "काका, आ शुं भावे आपवानुं?" पिल्लाचा असा भाव विचारल्यावर दोघे हसत.

मात्र एका ठिकाणी त्यांचा आवाज बदले. "आपल्या हौसेचं असेल तिथे हात आखडायचा. त्याच्या जिवाचं असेल तिथे नाही. लस, नसबंदी, तपासणी, यात वाचवणारा माणूस काटकसरी नव्हे, चोर. मुक्या जिवाचा खिसा कापतो तो."

मी शहराच्या दुसऱ्या टोकाला, हरणीला राहायला गेले, शाळेत शिकवू लागले, आणि गेल्या वर्षी एक पिल्लू घेऊन आले. तपकिरी, कान पडलेलं. त्याचं नाव गब्बू. काका स्कूटरवरून प्रतापनगरहून हरणीला खास त्याला बघायला आले. पहिली लस त्यांच्यासमोरच झाली. "नीलू, दुसरी तीन आठवड्यांनी. विसरू नकोस. पहिल्या लशीवर विसंबायचं नसतं."

विसरले नाही मी. परीक्षा चालू होत्या, पेपरांचे गठ्ठे घरी आले होते, दवाखाना लांब होता. आणि खरं सांगायचं तर मनात हेही होतं की घरातून बाहेर न पडणाऱ्या पिल्लाला काय होणार आहे? तेवढेच पैसे वाचतील. पुढच्या महिन्यात बघू म्हटलं. काकांचा फोन आला, "दुसरं इंजेक्शन झालं ना, बेटा?" मी म्हटलं, "हो काका, झालं." इतकं सहज बोलून गेले की खोटं बोलले हे मलाही जाणवलं नाही.

त्यानंतर पंधरा दिवसांनी गब्बूने उलटी केली. मी काकांना फोन केला. त्यांनी बारीकसारीक चौकशी केली आणि म्हणाले, "लस पुरी झालीय ना, मग घाबरू नकोस. काहीतरी खाल्लं असेल. आजचा दिवस पोटाला आराम दे, थोडंथोडं पाणी पाज. उद्या बघू." तेव्हाही माझ्या तोंडून निघालं नाही की काका, लस पुरी झालेली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला रक्ताचे जुलाब लागले. काका आले आणि आम्ही त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासून पार्व्हो सांगितला, लशीनेच टळणारा पिल्लांचा जीवघेणा रोग. त्यांनी लशीचं विचारलं तेव्हा मी खालच्या आवाजात म्हटलं, "एकच झालीय." काका तेव्हा बाहेर औषधांच्या दुकानात सलाइनच्या बाटल्या घेत होते.

चार दिवस ते रोज सकाळी आले आणि दिवसभर फरशीवर बसून राहिले. पडद्याच्या दांडीला बाटली टांगून त्यांनी गब्बूच्या पायात सुई लावली, आणि सुई हलू नये म्हणून तासन्‌तास त्याचा पाय तळहातावर धरून ठेवला. तिसऱ्या दिवशी मला त्यांच्या डाव्या पायाच्या अंगठ्याला गुंडाळलेलं फडकं दिसलं. ओलं होतं. "काय झालं काका?" "काही नाही, चप्पल लागली. दुखत नाही." त्यांना मधुमेह आहे हे मला माहीत होतं. मधुमेहात न दुखणारी जखम वाईट, हे त्यांनीच कधीतरी सांगितलं होतं. पण मी गब्बूकडे बघत होते.

चौथ्या दिवशी दुपारी गब्बू गेला. काकांनी सुई काढली, तिथे कापूस दाबून धरला. रक्त येणार नव्हतं तरी बराच वेळ दाबून धरला. मग म्हणाले, "दोन्ही लशी झालेलं पिल्लू. असं कसं झालं? मी थांब म्हणालो, तिथेच चुकलो. मला कळायला हवं होतं." मी रडत होते, आणि ते माझ्या पाठीवर हात ठेवून माझीच समजूत काढत होते. खरं सांगायची ती वेळ होती. मी सांगितलं नाही.

नंतर आठवड्याभरात अंगठा काळा पडला. शेजाऱ्यांनी त्यांना इस्पितळात नेलं तोवर विष वर चढलं होतं. डावा पाय गुडघ्याखालून कापावा लागला. शैला आली आणि त्यांना अंकलेश्वरला घेऊन गेली.

दोन महिने मी जायचं टाळलं. मग एका रविवारी बस पकडली. काका खिडकीशी खुर्चीत बसले होते, मांडीवर चादर होती. माझ्याकडे बघून ओळखीचं हसले. एवढ्यात समोरच्या घरातली बाई कुशीत पिल्लू घेऊन आली. "काका, तमने खबर पडे छे ने? आज कंई खातुं नथी."

काकांनी त्या न खाणाऱ्या पिल्लाकडे पाहिलंही नाही. "मला यातलं काही कळत नाही, बेन," ते म्हणाले. "डॉक्टरकडे न्या." ती बाई ओशाळून निघून गेली. शैला हळूच म्हणाली, "इथे आल्यापासून असंच. कुणालाही हेच सांगतात."

शैला चहा टाकायला आत गेली तेव्हा मी त्यांच्या खुर्चीशेजारी बसले आणि सांगून टाकलं. दुसरी लस दिली नव्हती, फोनवर खोटं बोलले, उलटी झाली तेव्हाही गप्प बसले, सगळं. माझं बोलणं संपल्यावर त्यांनी मांडीवरची चादर सारखी केली.

"पहिल्याच दिवशी सांगितलं असतंस," ते म्हणाले, "तर आपल्या हातात एक पुरा दिवस होता."

आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. मग एकाएकी त्यांनी शैलाला हाक मारली. "त्या बेनला परत बोलाव. पिल्लू बघतो." शैला गेली आणि लगेच परतली. समोरच्या दाराला कुलूप होतं. काकांनी मान हलवली. पिल्लू घ्यायला उचललेला हात पुन्हा चादरीवर ठेवला.

"नीलू, तू आता नीघ," ते म्हणाले, "उशीर होईल तुला."

पावसाळा संपता संपता शैलाचा फोन आला, काका गेले. मी पाचवीच्या वर्गावर होते. फोन ठेवून फळ्याकडे वळले, अर्धवट राहिलेलं वाक्य पुरं केलं, आणि ते मुलांना मोठ्याने वाचून दाखवता येईना म्हणून तशीच पाठमोरी उभी राहिले.