शिंप्याला विचारणारे नाना

मार्चच्या दुसऱ्या रविवारी सकाळी साडेनऊला नाना आमच्याकडे आले, तेव्हा घरात आम्ही तिघे होतो: मी, माझी बायको आणि मुलगी स्वाती. टेबलावर स्वातीच्या इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल होता. ऐकणे साडेसात, वाचणे सात, लिहिणे सात, बोलणे साडेसहा. हवे होते चारही ठिकाणी सात. स्वाती नर्स आहे. परदेशातल्या एका हॉस्पिटलने तिला निवडले होते आणि जूनअखेरपर्यंत जागा राखून ठेवली होती. अर्ध्या गुणाने नोकरी अडली होती आणि तोवर परीक्षा आणखी एकदाच देता येणार होती.

नाना तेव्हा जळगावला आमच्या कॉलनीत, चार घरे सोडून, मुलीजवळ राहत. धुळ्याच्या एका शाळेत एकतीस वर्षे इंग्रजी शिकवून ते निवृत्त झाले होते. पण लोक त्यांना ओळखत ते वेगळ्याच कामासाठी. कोणाकडे लग्न ठरत असले की स्थळाची चौकशी करायला नानांना पाठवत. पाचोऱ्याच्या एका मुलीसाठी ते असोद्याला गेले होते. गावात ज्याला विचारावे तो म्हणे, "माणसं चांगली आहेत." नानांनी सात जणांचे हे ऐकून घेतले आणि आठव्याला विचारले, "मुलगा कपडे कुठे शिवतो?" मग ते त्या शिंप्याकडे जाऊन बसले. शिंप्याने सांगितले की दिवाळीच्या आदल्या दिवशी याची पँट चार बोटे आखूड झाली होती. "काय बोलला?" "काही नाही. हसला, म्हणाला, मोजे नवीन घेतलेत, ते तरी दिसतील." नानांनी पाचोऱ्याला फोन केला, "द्या मुलगी." त्या जोडप्याला आता दोन मुले आहेत.

"स्वभाव गावाला विचारू नये, शिंप्याला विचारावा," हे ते नेहमी सांगत.

तर त्या रविवारी नाना खुर्चीत बसले आणि स्वातीला म्हणाले, "मी परीक्षक. तुझ्या वडिलांबद्दल सांग. इंग्रजीत."

स्वातीने एका वहीत माणसाच्या स्वभावाचे एकशे चाळीस शब्द उतरवून पाठ केले होते. तिने सुरुवात केली. माझे वडील जनरस आहेत, कम्पॅशनेट आहेत, ओपन-माइंडेड आहेत, आउटगोइंग आहेत. नानांनी मला डोक्यापासून चपलांपर्यंत पाहिले.

"हे कोणाचे वडील?" त्यांनी विचारले.

स्वयंपाकघरात माझी बायको हसली.

"बरं, जनरस. कधी? काय केलं त्यांनी?"

मी घड्याळाकडे पाहत होतो. अकरा सेकंद गेले.

"परीक्षेतही हेच झालं ना?"

"हो नाना. त्या बाईंनी विचारलं, असं का वाटतं? आणि मला काही आठवेना. मग मी पुढचे चार शब्द म्हटले."

"तू त्या बाईला पाहुणी समजलीस," नाना म्हणाले. "आपल्याकडे कोणी घरच्यांबद्दल विचारलं की आपण दार अर्धं लावून सांगतो, माणसं चांगली आहेत. तिला तुझ्या घरात मुलगी द्यायची नाही, पोरी. तिला फक्त तू बोलताना ऐकायचं आहे." मग ते अहिराणीवर आले. खूश झाले किंवा तापले की ते अहिराणीवर येत. "पहिले काय व्हयनं ते सांग. शब्द मंग लाव."

वही त्यांनी मिटून माझ्या बायकोकडे दिली आणि डाळीच्या डब्यांमागे ठेवायला सांगितली. स्वातीला काम दिले: रोज एक माणूस बघायचा, त्याने काय केले ते इंग्रजीत सांगायचे, स्वभावाचा एकही शब्द न वापरता. संध्याकाळी सहाला येऊन ते ऐकत आणि शेवटी दोघे मिळून शब्द शोधत. केळीवाल्याने न मागता जास्तीचे दहा रुपये परत केले, त्याला ऑनेस्ट. बोदवडहून रोज ये-जा करणारी तिची मैत्रीण डब्यातली भाजी आधी दुसऱ्याला वाढते आणि मग स्वतः घेते, तिच्या नावापुढे जनरस लागले. "बघ, हा शब्द बापाकडून सुटला आणि योग्य घरी गेला," नाना म्हणाले.

मी त्यांना एकदा म्हटले, "नाना, एकशे चाळीस शब्दांतले आतापर्यंत एकोणीस झाले. या वेगाने परीक्षेपर्यंत पन्नाससुद्धा होत नाहीत."

"भाऊ, चौदा मिनिटांच्या परीक्षेत पन्नास शब्द कुठे घालणार? पोरगी बोलणार आहे का किराणा लिहिणार आहे?"

पाचव्या आठवड्यात त्यांनी पुन्हा माझा विषय काढला. मी उठायला लागलो तर म्हणाले, "बसा. ज्याची चौकशी त्याच्यासमोर व्हावी, असं रोज घडत नाही." स्वाती इंग्रजीत सांगू लागली. ती धुळ्याला नर्सिंगला असताना तिला कावीळ झाली होती. मी पहाटेच्या एसटीने जात असे, होस्टेलच्या पायरीवर दोन तास बसत असे आणि किती ग्लास पाणी प्यायली ते विचारून परत येत असे. असे एकोणीस दिवस.

"सतरा," मी म्हणालो. "दोन दिवस एसटीचा संप होता."

नाना माझ्याकडे बघत राहिले. मग स्वातीला म्हणाले, "कोणता शब्द?"

"स्ट्रिक्ट?"

"नाही."

"पंक्च्युअल?"

"तो आहेच. पण तेवढ्यासाठी माणूस सतरा दिवस जात नाही." मग ते म्हणाले, "डिव्होटेड."

मी गॅस बंद आहे का ते बघायला आत गेलो. बंद होता.

मेमध्ये नाशिकला परीक्षा झाली. निकाल आला त्या संध्याकाळी नाना सहाला आले. आता चारांपैकी एकही आकडा सातच्या खाली नव्हता, पण स्वातीने एकच सांगितला, "बोलणे, साडेसात." नानांनी मान हलवली आणि चहा घेतला. माझी बायको शेव आणि पेढे घेऊन आली. ती आकडा ऐकून एकदा आत जाऊन रडून आली होती.

"परीक्षकाच्या कार्डावर विषय काय आला होता?" नानांनी विचारले.

"तुम्हाला आवडणाऱ्या एका वयस्कर माणसाबद्दल सांगा."

"मग?"

"तुमचंच सांगितलं, नाना."

"शब्द कोणता लावला?"

स्वातीने माझ्याकडे पाहिले. मी पेढ्यांकडे पाहिले.

"नोझी," ती म्हणाली. म्हणजे भोचक.

नानांनी कप खाली ठेवला. "आणि काय सांगितलंस?"

"सांगितलं, की आम्ही इथे राहायला आलो त्या दिवशी टेम्पो रिकामा व्हायच्या आत तुम्ही आमच्या स्वयंपाकघरात येऊन पिठाचा डबा उघडलात आणि आईला विचारलंत, गहू कुठला. आणि पुढच्या वर्षी आईचं ऑपरेशन झालं, तेव्हा तिला कोणतं औषध चालत नाही ते फक्त तुम्हाला माहीत होतं. आम्हालाही नव्हतं. कारण तुम्ही तिला विचारून ठेवलं होतं. त्या बाई हसल्या आणि म्हणाल्या, असा शेजारी मला चालेल."

पेढ्याचा कागद नानांनी घडी करून खिशात घातला. मला वाटले, दुखावले. माझी बायको सावरायला काहीतरी बोलणार होती.

"डबा मी नही उघाडा," नाना म्हणाले. "तो उघाडाच व्हता."

ते गेल्यावर मी बायकोला विचारले. डबा बंद होता.