पितृपक्षात परत गेलेली मेल

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. दूध उतू जाईल म्हणून मी गॅसपाशी उभी, आमचे हे टॉवेल शोधत घरभर फिरतायत, तेवढ्यात कडी वाजली. दारात जयरामभाऊ. पंचवटीतल्या आमच्या गल्लीच्या टोकाला त्यांचा कात्र्यांचा कारखाना. चपला काढल्या, तरी ते उंबऱ्याबाहेरच थांबले.

"आत या की. चहा टाकते."

"नको वहिनी. गेणूला आजपासून येऊ नको म्हणून सांगितलं."

गेणू त्यांचा सर्वांत जुना, म्हणून सर्वांत जास्त पगाराचा कारागीर. परवा खंडेनवमीला ऐरणीवर झेंडू त्यानंच वाहिला होता.

भाऊ मूळचे सायखेड्याचे. वडील विळ्या-कोयत्यांना धार लावत गावोगाव फिरायचे. द्राक्षबागा वाढल्या तशी भाऊंनी छाटणीची कात्री करायला घेतली. मूठ अशी घडवली, की दिवसभर चालवूनही तळहाताला फोड येत नाही. ती कात्री पार केनियातल्या गुलाबाच्या मळ्यांपर्यंत गेली. तिथला एक व्यापारी दर भाद्रपदात ऑर्डरची मेल पाठवायचा, आणि तेवढ्या एका ऑर्डरीवर इथली भट्टी वर्षभर पेटायची.

कारखान्याच्या नावाचा मेलचा पत्ता भाऊ भारी मिरवायचे. "फुकटातला नाय, आपल्या नावाचा हाय!" ते नाव, म्हणजे डोमेन, आणि वेबसाइट पुण्याच्या एका कंपनीकडे. त्या कंपनीनं मेलची सोय बंद करायचं कळवलं, म्हणून तेवढं काम भाऊंनी नाशिकच्या दुसऱ्या इंटरनेटवाल्यांना दिलं. त्यांच्या पल्लवी मॅडम जोडणी करायला आल्या, तर पितृपक्ष लागलेला.

"आत्ता नाय मॅडम. घटस्थापनेला चालू करा."

"काका, जुनी मेल आज बंद होतेय. आणि मेलला कुठले आलेत पितर?"

"आम्हाला हायेत ना! घर बंद असलं तर टपाल पोस्टात पडून राहतंच की. तसं राहील."

मॅडमनी परत परत समजावलं, शेवटी पिशवी उचलून गेल्या.

पण मेल कुठंच पडून राहत नाही. पत्ता सापडला नाही, की पाठवणाऱ्याकडे उलटी जाते. घटस्थापनेला नारळ फोडून मेल सुरू झाली, ती रिकामी. भाऊ रोज उघडून बघत. काल माल पाठवणाऱ्या मुंबईच्या एजंटाला फोन केला, तेव्हा कळलं. व्यापाऱ्यानं पुन्हापुन्हा लिहिलं, दरवेळी परत आलं. त्याला वाटलं, कारखाना बुडाला. यंदाच्या कात्र्या त्यानं दुसरीकडून घेतल्या.

"त्यानं फोन नाही केला?"

"नंबर बदललेला. कळवायचा राहिला. मेल हाय म्हणलं, फोन कशाला लागतोय!"

आतून आमचे हे म्हणाले, "जयराम, आता पितरांनाच विचार, कात्र्या घेता का!"

भाऊ हसले नाहीत. मी दूध उतरवलं.

"गेणू काय म्हणाला?"

"हातोडा पुसला, जागेवर ठेवला अन् गेला. झुंबर लय रडली. बाकीच्यांना दिवाळीपर्यंत ठेवतो. पुढचं काय सांगू?"

झुंबरबाई त्यांची बायको. तिनंच त्यांना माझ्याकडे पाठवलं होतं.

"वहिनी, तुम्ही कॉलेज शिकलेल्या. त्या माणसाला इंग्रजीत एक मेल लिहून द्या. ऑर्डर मागू नका. कारखाना चालू हाय, एवढंच लिहा."