लखूचं अर्धं ताट

बाजारकुणंग गावाच्या पुढं डांबरी रस्ता संपतो आणि लाल मातीची वाट रानात शिरते. तिथून अर्ध्या तासावर लखू वेळीपचं घर. साठी ओलांडलेली, अंगानं काटक, बोलणं मोजकं. गावात कुणालाही विचारा, लखू म्हणजे अगदी सरळ माणूस, खोटं बोलायची वेळ आली तर त्याची जीभच उचलायची नाही, असंच सांगतील. गावाला काय माहीत! हा सरळ माणूस चाळीस वर्षं रोज दिवेलागणीला एकच खोटं बोलत आला होता, आणि तेही बिनदिक्कत. अर्ध्या ताटावरून हात उचलायचा आणि म्हणायचं, "झालं गे माजं. पोट भरलं."

याची सुरुवात पुतळी लग्न होऊन आली तेव्हाची. घरात चौदा माणसं आणि पुतळी सगळ्यांत धाकटी सून. आधी पुरुष जेवायचे, मग पोरं, मग सासू आणि थोरल्या जावा. पुतळीची पाळी येईपर्यंत भाताच्या टोपाला खरवड तेवढी उरलेली असायची. नव्या नवऱ्यानं आईसमोर "तिला वाढा" म्हटलं असतं तर घरभर हसू झालं असतं, आणि पुतळीला टोमणे ऐकावे लागले असते ते वेगळंच. पण नवऱ्याच्या ताटात बायकोनं जेवायचं ही घरची रीतच होती, तिला कोण नाव ठेवणार? लखूनं त्या रीतीतूनच वाट काढली. तो अर्धा भात ठेवू लागला. आमटीत मासा असला तर मोठा तुकडा भाताखाली दडवू लागला. दोघांत यावरून कधी एक शब्द झाला नाही. प्रेम बोलून दाखवणारे पुष्कळ असतात, लखूनं ते भाताखाली ठेवलं.

पुढं भाऊ वेगळे झाले, म्हातारी गेली, एकुलती लेक रक्षा बेळगावच्या एका दवाखान्यात नर्स म्हणून लागली. घरात दोघंच उरली. आता टोपात भात उरत होता, पण सवय काही सुटली नाही. पुतळी लखूला ढीगभर वाढायची, लखू अर्धं ठेवायचा आणि पुतळी त्याच ताटावर बसायची. टोपातलं आणखी घ्यावं हे तिच्या मनातसुद्धा येत नसे. ताटात उरलं ते आपलं, एवढाच तिचा हिशोब होता.

अशात लखूला साखरेचा आजार झाला. आधी गोळ्या, मग जेवणाआधी इन्सुलिनची सुई. किती जेवता, त्यावर सुईचं माप ठरतं असं डॉक्टर म्हणाले. लखू म्हणाला, "भरलं ताट." पुतळीनं मान डोलावली, "मीच वाढते की. डोंगर असतोय." झालं! सुई डोंगराची आणि पोटात निम्मा डोंगर. बरं, तेही रोज सारखं नाही. मासळी असली की हा गडी जास्तच ठेवणार, आणि नुसती पेज असली की सगळी पिऊन टाकणार. मग कधी साखर एकदम खाली यायची, अंगाला दरदरून घाम सुटायचा, बोलताना शब्द सापडायचे नाहीत. डॉक्टरांनी माप कमी केलं की पेजेच्या दिवशी उलट वर चढायची. डॉक्टरांना मेळ लागेना. एकदा तर तो गोठ्यात गाईच्या पायाशी कोसळला. तेव्हापासून पुतळी जेवणानंतर तासभर त्याच्या तोंडाकडं बघत बसायची. आज हा माणूस आपल्या देखत जाणार, अशी भीती तिला रोज संध्याकाळी वाटायची.

मग रक्षानं एक घड्याळ आणलं. दवाखान्यानं थोड्याच रोग्यांना ते वापरून बघायला दिलं होतं.

"बाबा, हे उजव्या हातात घालायचं," ती म्हणाली. "जेवायचा हात तोंडाकडं गेला की त्याला कळतंय. सुई घ्यायची इसरलात तर थरथरतंय. घास बी मोजतंय. तुमी रेंजमधे गेलात की मोबाईलवरनं सगळं डॉक्टरास्नी कळनार, आनी ते सुईचं माप बरोबर करनार."

"घास मोजतंय?" लखूनं विचारलं.

"एकूनएक."

डॉक्टर माणूस होता, त्याला सांगू ते खरं. या यंत्राला काय सांगणार? आणि खरं बाहेर पडलं तर पुतळी उद्यापासून त्याच्या ताटावर बसणार नाही, टोपातलंही घेणार नाही, चिमटीभर खाऊन उठेल. बायको त्याला चांगली ठाऊक होती.

पहिला आठवडा त्यानं सोपी युक्ती काढली. जेवायला बसायच्या आधी घड्याळ काढून खिडकीत ठेवायचं, मनगटापर्यंत हात धुवायचे आणि पाटावर बसायचं. कुणाला संशय यायचं कारणच नव्हतं, कारण या मुलखात जेवताना उष्ट्या हातात घड्याळ ठेवतं कोण? तिकडं बेळगावात मात्र दवाखान्याच्या कागदावर असं उमटलं, की लखू वेळीप आठ दिवस संध्याकाळचा जेवलेलाच नाही. रक्षा पहिल्या बसनं धावत आली.

"दवाखान्यात सगळी मला इचारत्यात, तुजे वडील उपाशी हायत काय म्हनून!"

"उष्टं लागतंय गे बाय त्याला."

"लागू दे. वल्या फडक्यानं पुसायचं. आई, जेवताना हे हातात हाय का न्हाई ते तू बघायचं."

पुतळीनं कबूल केलं, आणि लखूची वाट बंद झाली. मग साठी उलटलेल्या या माणसाला जे सुचलं ते चार वर्षांच्या पोरालाही सुचू नये. अर्धं जेवून झालं, पुतळी आत चुलीकडं वळली, की तो रिकामा हात ताटाकडून तोंडाकडं न्यायचा. तोंड उघडायचा, मिटायचा, चावल्यासारखंही करायचा. वीस रिकामे घास. यंत्र बिचारं भोळं, सगळे मोजून घ्यायचं. डॉक्टरांनी बघितलं, जेवण पोटभर आहे, तरी पेजेच्या दिवशी साखर वर जाते, म्हणजे सुई कमी पडते आहे. त्यांनी दोन युनिट वाढवून दिले. लखूनं मुकाट्यानं घेतले. दोनानं काय होतंय, असं त्यानं मनाला समजावलं. जिवाशी खेळतो आहोत हे त्याला अगदीच कळत नव्हतं असं नाही, पण आठवण यायची ती खरवडलेल्या टोपाची.

त्या संध्याकाळी गणेशगुडीहून आलेली मासळी होती. लखूनं नेहमीपेक्षा जास्तच ठेवलं आणि रिकामे घास सुरू केले. पुतळी आमसुलाची कढी वाढायला बाहेर आली आणि दारातच थांबली. नवरा हवा खात होता. गंभीर चेहऱ्यानं, एकामागोमाग एक.

"आवो, ह्ये काय करताय?"

"जेवतोय."

"हातात कुठं काय हाय?"

लखूनं उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण शब्द सापडेना. कपाळावर घाम डवरला. हात थरथरत ताटात पडला आणि तिथंच राहिला. पुतळीच्या हातातली कढी सांडली. पण ती डगमगली नाही. रक्षानं शिकवून ठेवलं होतं तसं तिनं साखरेचं दाट पाणी केलं, त्याला भिंतीला टेकवून बसवलं आणि घोट घोट पाजलं. पाव तासानं त्याची नजर ठिकाणावर आली. तोवर पुतळीनं किती देवांना हाका मारल्या ते तिचं तिलाच माहीत.

"आता सांगा," ती म्हणाली.

लखूनं सांगितलं. चाळीस वर्षांचं खोटं सांगायला चार वाक्यंही लागली नाहीत. मासळीचा मोठा तुकडा भाताखाली कसा सापडतो, हे पुतळीला लग्नाच्या पहिल्या महिन्यातच कळलं होतं. भात वाढणं तिच्या हाती आल्यापासून ती दोघांना पुरेल इतकं त्याच्या एकट्याच्या ताटात वाढत आली होती. त्या निम्म्यात त्याचं पोट भरतं असंच ती धरून चालली होती; पण तो निम्म्या पोटानं उठतो आणि सुई मात्र अख्ख्या डोंगराची घेतो, हा मेळ तिला आज लागला.

"माज्यापायी जीव द्यायला निगाला हुता व्हय तुमी?" पुतळी म्हणाली. "आनी तुमी गेल्यावर मी कुनाच्या ताटात जेवू?"

पुतळी रागानं, पदरात तोंड घालून रडली.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच टेकाडावर गेली, तिथं रेंज मिळते, आणि रक्षाला फोनवर सगळं सांगितलं. रक्षा म्हणाली, "आई, आजपास्नं त्यांच्या ताटात त्यांच्यापुरतंच वाढ. मी डॉक्टरांशी बोलून सुईचं माप कळवते." दुपारी पुन्हा टेकाडावर जाऊन पुतळीनं कमी केलेलं माप लिहून आणलं.

संध्याकाळी लखूनं मोजून सुई घेतली. पुतळीनं दोन ताटं मांडली. स्वतःला वाढून घ्यायची सवयच नाही, म्हणून आधी तिनं ओंजळभर भात घेतला, लखूकडं बघितलं, मग आणखी एक डाव घेतला. नवऱ्यासमोर बसून जेवायचं म्हणजे तिला घास गिळवेना. डोक्यावरचा पदर तिनं तीनदा सारखा केला. लखूही अर्ध्यावर आला आणि हात आपसूक थांबला.

"झालं गे माजं," तो म्हणून गेला.

पुतळीनं हातातला घास ताटात परत ठेवला. "तुमी उठला तर मी बी उठनार."

लखूनं तिच्या भरल्या ताटाकडं बघितलं आणि पुन्हा जेवू लागला. शेवटचं शीत बोटानं टिपून खाल्लं. पुसून काढल्यासारखं स्वच्छ ताट त्याच्यासमोर होतं, आणि त्यात पुतळीसाठी काहीच उरलं नाही म्हणून तो पोरासारखा रडू लागला.

"रडताय काय," पुतळी भरल्या तोंडानं म्हणाली, "मी जेवतेय न्हवं?"