पाठीमागून मारलेली हाक
मुलगी रांगायला लागली त्या दिवसांत मी घरी बसून एक वेगळंच काम करत होते. कॉलेजातली माझी मैत्रीण आसामच्या जंगलात हुलॉकांचा अभ्यास करते. हुलॉक म्हणजे बिनशेपटीचे, लांब हातांचे कपी. माकडांपेक्षा आपल्याला जवळचे. नर-मादी सकाळी झाडांच्या शेंड्यांवरून साद घालतात. ती ते आवाज टिपून पाठवायची. मी आमच्या हळर्णच्या घरात जनेलापाशी, खिडकीच्या उजेडात बसून, हेडफोन लावून खुणा करायचे: इथे नर सुरू झाला, इथे मादी, इथे दोघं गप्प.

त्या गप्प जागांनी माझा जीव वरखाली व्हायचा. एकाने साद घातली आणि उत्तर आलं नाही, की मी खुर्चीतच पुढे सरकायचे.

"माणसाकडे शब्द फार उशिरा आले असतील गं," मैत्रीण एकदा फोनवर म्हणाली. "त्याआधी आळीपाळीने बोलणं आलं असेल. तू बोल, मी थांबते. आता मी बोलते. अर्थात हा अंदाजच. पण तान्ही बाळंही तसंच करतात. तुझ्या लेकीकडे बघ."

मी बघितलं. तिला मांडीवर समोर घेऊन म्हटलं, "काय गो?" ती माझ्या ओठांकडे बघत राहिली. मी थांबले. मग ती म्हणाली, "अग्ग." मी पुन्हा बोलले, ती पुन्हा थांबली, मग "अग्ग." मला इतका आनंद झाला! तिला चटईवर ठेवून मी तिच्या पाठीमागे सुकलेल्या कपड्यांच्या घड्या करायला बसले आणि तिथूनच हाक मारली, "काय गो?"

काहीच नाही. ती चटईची दोरी ओढत बसली होती. मी पुन्हा हाक मारली, मोठ्याने. समोर येऊन बसले, तर लगेच हसली आणि आपली पाळी आल्यावर म्हणाली, "अग्ग."

त्यानंतर मला बसवेना. कामाला बसायचे, दोन खुणा करायचे, उठायचे, तिच्या मागे जाऊन टाळी वाजवायचे. संध्याकाळी पाव विकणारा पोदेर सायकलवरून पों-पों करत दारात आला, तेव्हा शेजारचं कुत्रंसुद्धा भुंकलं. लेकीने मान वळवली नाही.

माझी भीती बघून सासूबाई म्हणाल्या, "अगो, चेडू शांत आसा. तुका कित्याक भिरांत? तुजो घोव पण उशिराच बोलाक लागलो."

नवरा तुयेच्या कारखान्यातून दमून आलेला. तो म्हणाला, "दिवसभर ता कानाक लावन बसतंस, म्हणान तुका असला सुचता."

तेवढ्यात सासूबाईंच्या हातून ताट निसटून जमिनीवर आदळलं आणि मुलगी दचकून वळली. "आयकता गो!" सासूबाई आनंदाने ओरडल्या. क्षणभर मलाही ते पटलं. पण मग मी तेच ताट उचललं, तिच्या पाठीमागे हवेत धरलं आणि चमच्याने जोरात बडवलं. ती वळली नाही. मघाशी तिला जमिनीचा हादरा कळला होता.

जन्मानंतरची कानांची तपासणी पुढच्या खेपेला करू म्हणत राहूनच गेली होती. दुसऱ्या दिवशी आम्ही म्हापशाला गेलो. तपासणाऱ्या बाईंनी झोपलेल्या मुलीच्या डोक्याला तारा लावल्या. मी दाराबाहेर येरझाऱ्या घालत होते, नवरा माझ्याकडे न बघता मोबाइल उलटसुलट फिरवत होता.

"दोन्ही कानांनी बरंच कमी ऐकू येतं," बाई म्हणाल्या. "पण थोडं येतं. कानाचं यंत्र लावूया."

"पण ती मला उत्तर देते," मी म्हटलं. "समोर बसले की थांबते, मग बोलते."

"डोळ्यांनी देते," त्या म्हणाल्या. "चांगलं आहे की! बोलण्याची अर्धी रीत तिच्याकडे आहे. आता कान देऊया."

यंत्र लावलं आणि घरी आल्यावर पहिली गोष्ट तिने ऐकली ती कुकरची शिट्टी. खूप रडली आणि यंत्र ओढून तोंडात घातलं. पुढे कित्येक दिवस आमचं तेच चाललं: मी लावायचं, तिने उपटायचं. मैत्रिणीकडून आलेलं काम तसंच पडून होतं. रागाने मी एकदा यंत्र डबीत टाकून झाकण लावलं. सासूबाईंनीच ते काढून पुन्हा लावलं, मुलीला कडेवर घेतलं आणि परसात गेल्या. मी मागोमाग गेले.

त्या तिच्याशी बोलत होत्या, पण मुलीचं तोंड माडांवरच्या नारळांकडे होतं; सासूबाईंचे ओठ तिला दिसत नव्हते. "ह्यो माड. त्येच्यावर नाल्ल." मुलगी गप्प. सासूबाईंनी पुढचं बोलायला तोंड उघडलं, आणि मी त्यांच्या दंडावर हात ठेवला. "आई, थांबा जरा."

त्या थांबल्या. त्यांना ते फार जड गेलं असणार. मुलगी माडांकडेच बघत होती.

"अग्ग," ती म्हणाली.

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मग हळूच विचारलं, "आता माजी पाळी?"